कॅरिअरवरचे डोळे

मागून येणारी गाडी हळू झाली, आणि रंजीताच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या एखाद्या रस्त्यावर गाडी हळू झाली असती तर माणसाला बरंच वाटलं असतं. पण तालुक्याहून चिचटोल्याकडे येणाऱ्या रस्त्यावर गाड्या हळू होत नाहीत. दोन्ही बाजूंना जंगल, मधे गुळगुळीत डांबर, दिव्याचा खांब औषधाला नाही. चंद्रपूर सोडलेला माणूस इथवर येईतो मनानं गडचिरोलीला पोचलेला असतो, फक्त गाडी पोचायची उरलेली असते. ती मागून येते, शिवी दिल्यासारखा हॉर्न देते, सायकलवाला मुकाट्यानं कडेच्या गिट्टीत उतरतो, गाडी जाते, सायकलवाला धूळ खातो आणि पुन्हा डांबरावर येतो. हाच इथला वाहतुकीचा नियम, आणि रंजीताला तो तोंडपाठ होता.

म्हणून ती आधीच गिट्टीत उतरून वाट बघत होती. पण गाडी काही पुढं जाईना. हॉर्न नाही, काही नाही. उलट मोठा लाइट होता तो एकदम बारीक झाला. इंजिन दबक्या आवाजात गुरगुरायला लागलं. मागं वळून बघायची तिची छाती नव्हती. (रंजीता बी.कॉम. फर्स्ट क्लास होती, पण दचकण्यात तिला डिस्टिंक्शन होतं. ऑफिसातल्या प्रिंटरनं कागद ओढला तरी ती खुर्चीतून वीतभर उडायची. मोबाइल तिनं कायम सायलेंटवर ठेवलेला असे. तो थरथरला की तीही त्याच्याबरोबर थरथरायची.)

थंडीचे दिवस, साडेपाचलाच मावळलेलं, एकटी पोरगी, आणि मागून सावकाश येणारी गाडी. रंजीतानं पेडल जोरात मारलं, तशी गाडीही जोरात आली. तिनं हळू केलं, गाडीही हळू झाली. मग गाडीची काच खाली गेली आणि आतून एका बाईचा कुजबुजता आवाज आला,

"अय्या, किती डौलात चालते आहे!"

आजवर रंजीताच्या चालीचं कोणी कौतुक केलं नव्हतं, आणि आत्ता तर ती चालतसुद्धा नव्हती. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. फाटा दिसताच तिनं सायकल डावीकडे गावच्या कच्च्या रस्त्याला घातली. मागून "गेली, गेली! झुडपात घुसली!" असा हळहळीचा सूर उठला आणि दोन-चार फ्लॅश चमकले. रंजीता घरी पोचली ती सायकलीसकट थेट अंगणातल्या तुराट्यांच्या ढिगात.

मनकर्णाबाई, म्हणजे तिची आई, चुलीपुढून ओरडली, "काऊन व, वाघ मागं लागला का?"

"गाडी लागली होती, आई!"

"मंग ठीक हाय," असं म्हणून मनकर्णाबाईनं भाकर उलथली.

खरं तर ठीक काहीच नव्हतं. सगळ्याच्या मुळाशी आदल्याच दिवशी घेतलेला एक लहानसा निर्णय होता, आणि तो रंजीतानं स्वतःच्या हुशारीनं घेतला होता. (तिच्या आयुष्यातल्या बहुतेक भानगडींचं मूळ हेच.)

झालं होतं असं, की दोन दिवसांपूर्वी एका गाडीनं तिला घासून धानाच्या बांधीत पाडलं. धान कापून झालेलं, तेव्हा बुडायला पाणी नव्हतं, पण चिखल पुरेसा होता. गाडीवाला भला माणूस, त्यानं गाडी थांबवून मान बाहेर काढली आणि मोठ्या मनानं सांगितलं, "दिसलीच नाहीस गं!" आणि निघून गेला. या रस्त्यावर ज्याला ज्याला धडक बसली, त्याला हेच वाक्य ऐकायला मिळालं होतं. भाताच्या मिलमधे कामाला जाणाऱ्या लटारूभाऊला तर दोनदा. म्हातारा म्हणायचा, "मी आता सोतालेच इचारतो, मी हाय का नाई म्हून."

चिखलानं माखलेली लेक बघून मनकर्णाबाईनं तिथल्या तिथं निकाल दिला होता.

"नोकरी सोड."

"आई, काहीच लागलं नाही गं मला!"

"आज नाई लागलं. उद्या? वाघाचा एक डाव भरवसा हाय, पोट्टे, गाडीवाल्याचा नाई. वाघ पोट भरलं का सोडून देते."

रंजीता तालुक्याच्या सेतू केंद्रात कॉम्प्युटरवर बसायची. उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, रहिवासाचे दाखले. केंद्र बंद व्हायच्या आधीच शेवटची एसटी निघून जायची, म्हणून सायकल. नोकरी मोठी नव्हती, पण तिथं तिला 'मॅडम' म्हणत. शिवाय घरी बसलेल्या पोरीला स्थळं कशी वास काढत येतात ते तिनं मैत्रिणींचं पाहिलं होतं. अंधाराला ती भ्यायची, गाडीला भ्यायची, घुबडाला भ्यायची. पण घरी बसायला ती या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त भ्यायची.

"मी अशी सोय करते, की गाडीवाल्याला मी दिसलेच पाहिजे," ती म्हणाली.

"अन् वाघाचं काय?"

वाघ हा मनकर्णाबाईचा दुसरा मुद्दा होता. खुंटीवर तिचा मुखवटा टांगलेला होता. मोहफुलं आणि तेंदूपान वेचायला जाणाऱ्या बायांना वनखात्यानं वाटलेला, प्लॅस्टिकचा, जाड मिशांच्या एका पुरुषाचा. वाघ पाठीमागून झडप घालतो. तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूला हा चेहरा बांधला, की वाघाला वाटतं माणूस आपल्याकडेच बघतोय आणि तो ओशाळून निघून जातो, असं शिबिरात सांगितलं होतं. मनकर्णाबाईचा त्यावर गाढ विश्वास. "हा बांधून जाशीन तं नोकरी कर," ती म्हणाली, "नाई तं घरी बस."

आता सेतू केंद्रातल्या मॅडमनं डोक्यामागं मिशा बांधून गावातून जायचं? रंजीतानं तोड काढली. मुखवटा डोक्याला न बांधता सायकलच्या कॅरिअरला, तोंड मागं करून बांधायचा. वाघाला काय, चेहऱ्याशी कारण. आणि मग तिला ती दुसरी, हुशारीची कल्पना सुचली. मुखवट्याच्या डोळ्यांच्या भोकांमागं रेडियम चिकटवायचं! मिशीवाला वाघाकडे बघेल, त्याचे डोळे गाडीवाल्याकडे बघतील. दोन दुश्मन, एकच बंदोबस्त.

एसटी स्टँडमागं पोचूचं रेडियमचं दुकान होतं. ऑटोच्या मागं नावं चिकटवून देणं हा त्याचा धंदा.

"काय लिहू ताई? 'आईची पुण्याई' लिहू? का 'पाहू नको, जळशीन'?"

"काही लिहायचं नाही. फक्त चमकलं पाहिजे."

"नुसतं चमकाचं? लिहाचं काईच नाई?" पोचूला वाईट वाटलं. इतकी वर्षं धंद्यात काढून असं बिनमजकुराचं गिऱ्हाईक त्याला भेटलं नव्हतं. शेवटी त्यानं हिरवट पिवळ्या रेडियमचे दोन तुकडे कापून दिले आणि म्हणाला, "हे दूर्रून दिसते."

ते खरंच दुरून दिसलं. फक्त काय दिसलं, ते रंजीताच्या ध्यानात आलं नव्हतं. अंधारात मिशा दिसत नाहीत, प्लॅस्टिक दिसत नाही, काळ्या स्वेटरातली मुलगी तर मुळीच दिसत नाही. उरतात फक्त दोन हिरवे डोळे. कमरेएवढ्या उंचीवर, रस्त्याच्या कडेनं, डुलत डुलत जाणारे. जंगलाच्या कुशीत जन्मलेल्या मुलीला हे कळायला हवं होतं. (कॉमर्स घेतल्याचे परिणाम.)

तिला ते कळलं गाडीच्या त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी, सेतू केंद्रात. गावातलाच प्रणित रहिवासी दाखल्याला आला होता. प्रणित जिप्सीवर गाइड होता, पर्यटकांना वाघ दाखवायचा. नाही दिसला तर वाघ काल इथंच कसा बसला होता ते दाखवायचा. दाखला राहिला बाजूला, त्यानं मोबाइल टेबलावर आडवा ठेवला.

"पाह्य रंजीता. आपल्या रोडवर वाघ! नागपूरच्या लोकायनं काढला व्हिडिओ."

सगळी रांग मोडून लोक टेबलाभोवती जमले. पडद्यावर काळोख, आणि त्यात दोन हिरवे डोळे. डुलत चाललेले. मधेच कुजबुज, "किती डौलात चालते आहे!"

रंजीताला वाटलं, हा आवाज आपण कुठंतरी ऐकलाय.

"मादी हाय," प्रणितनं जाहीर केलं. "चालीवरून समजते आपल्याले. पण वय झालं हाय तिचं. मागचा पाय ओढून राह्यली, पाहा. आंगानं भारी. अन् डोस्क्यानं जराशी कमी वाटते."

"ते कशावरून?" रंजीतानं विचारलं. का कोण जाणे, तिला राग आला होता.

"एवढं जंगल सोडून गिट्टीतून चालते, थे काय शहाणी हाय? अन् आयका, संगं बछडा हाय तिच्या. आवाज येते का? कुई... कुई..."

सगळे कान देऊन ऐकू लागले. कुई... कुई... रंजीताही ऐकत होती. आणि तिच्या पायांखालची जमीन सरकली. तो बछडा तिच्या ओळखीचा होता. गेल्या दिवाळीपासून ती त्याला तेल द्यायचं विसरत होती. तो तिच्या सायकलचा चेनकव्हर होता.

तेवढ्यात प्रिंटरनं कागद ओढला. रंजीता जी उडाली, ती प्रणितच्या मोबाइलवर जाऊन पडली.

"भेव नको व," प्रणित समजुतीनं म्हणाला, "व्हिडिओतला वाघ काई करत नाई."

त्या संध्याकाळी तिनं मुखवटा काढून पिशवीत कोंबला. वाघाचं सोंग घेणं हा गुन्हा असावा, आणि तोही बिनजामिनाचा, असं तिचं ठाम मत झालं होतं. मोबाइलवर शोधून पाहिलं तर वाघाला मारणं, पकडणं, छळणं यांच्या शिक्षा होत्या. वाघ होण्याची शिक्षा दिली नव्हती. ज्याची शिक्षाच लिहिलेली नाही तो गुन्हा केवढा भयंकर असेल, या विचारानं ती आणखी घाबरली.

बिनडोळ्यांची सायकल घेऊन ती अर्ध्या रस्त्यात आली असेल नसेल, एक गाडी सूं करून अशी अंगाला चाटून गेली, की तिची ओढणी आरशाला लागली. रंजीता गिट्टीत, सायकल तिच्यावर. गाडी दूर जाऊन थांबली आणि अंधारातून तो ओळखीचा, भला, मोठ्या मनाचा आवाज आला, "सॉरी हां! दिसलीच नाही!"

रंजीता उठली. गुडघा झोंबत होता. भीतीचं नेहमीचं थरथरणं अंगात सुरू झालं; पण यावेळी त्यात दुसरंच काहीतरी मिसळलेलं होतं, आणि ते तिला नवीन होतं. माणूस दिसत नाही होय यांना? मिशीवाला मास्क तिनं पिशवीतून काढला, कॅरिअरला ओढणीनं करकचून बांधला आणि स्वतःशीच म्हणाली, "वाघ तर वाघ."

पुढची गाडी फर्लांगभर मागं असतानाच जागच्या जागी विरघळल्यासारखी हळू झाली. तिच्या मागची तिच्या मागं. पाठोपाठ एक ट्रक. बारीक लाइट, बंद हॉर्न, आणि देवळात शिरल्यासारखी शांतता. रंजीता आयुष्यात पहिल्यांदा डांबराच्या मधोमध सायकल चालवत घरी आली.

आठवडाभरात त्या रस्त्याची तऱ्हाच पालटली. दिवेलागणीला गाड्या येऊन कडेला ओळीनं उभ्या राहायच्या. जाणारी गाडी मुंगीच्या पावलानं जायची; न जाणो, वाघीण चुकायची. कोणी हॉर्न वाजवला तर बाकीचे त्यालाच शिव्या द्यायचे. उभ्या गाड्यांच्या मंद उजेडात रस्ता असा दिसायचा, की मिलमधून सुटलेले लोक आणि ट्यूशनच्या पोरी हसत-बोलत सायकली हाकत यायच्या. कोणाला धक्का नाही, कोणी गिट्टीत नाही.

"आपल्या रोडवर लाइट आली व बाई," लटारूभाऊ एकदा तिच्या सायकलीला सायकल लावून म्हणाला. "माणसासाठी मांगतली तं भेटली नाई. वाघासाठी आली. वाघाले इलेक्शनमधे उभं करा म्हनतो मी."

"वाघाची भीती नाही वाटत, भाऊ?"

"वाघ? थे बिचारी म्हातारी, पाय ओढत चालते म्हनते. मले पाहून थेच पळन."

रंजीतानं जीभ चावली. इतके दिवस झाले तरी म्हातारी हा शब्द तिच्या जिव्हारी लागलेला होता. त्या रात्री तिनं चेनकव्हरला तेल द्यायला बाटली काढली आणि परत ठेवून दिली. आता एवढ्यात बछडा गप्प झाला असता तर गावाला काळजी वाटली असती.

घरची भीती मात्र अनपेक्षितपणे सुटली. वाघाची बातमी ऐकून मनकर्णाबाई पेटून उठेल, नोकरी बंद करेल, अशी रंजीताची खात्री होती. ती तर भाकर मोडता मोडता म्हणाली, "पाह्यलं? मी म्हनलं नोतं का, मास्क घेऊन जाय म्हून? त्या रोडवर वाघ, रोज तू त्याच रोडनं येतं, अन् तुले अजून काई झालं नाई. कायच्यानं? मास्कच्यानं!"

"हो आई," रंजीता म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

"डोये चांगले लावले तू त्याले. वाघाच्या डोयाले डोया भिडवते तो."

सगळं असं छान चाललेलं असताना फाट्यावर बोर्ड लागला. पांढरा, कोरा करकरीत. वाघाचा वावर असल्यामुळे सोमवारपासून संध्याकाळी पाच ते सकाळी सहा या रस्त्यावर सायकल, दुचाकी व पायी जाण्यास सक्त मनाई. चारचाकी वाहने चालू राहतील. खाली वनखात्याच्या तालुक्याच्या ऑफिसचा फोन नंबर.

रंजीतानं बोर्ड पुन्हा पुन्हा वाचला. म्हणजे गाड्यांनी माणसं उडवली तेव्हा काही बंद झालं नाही, आणि गाड्या थांबायला लागल्या तर माणसंच बंद? मिलची पाळी सहाला सुटते. केंद्र सहाला बंद होतं. सोमवारपासून लटारूभाऊ घरी, ट्यूशनच्या पोरी घरी, आणि मॅडमसुद्धा घरी, तुराट्यांच्या ढिगाशेजारी.

मनकर्णाबाईचा मुखवट्यावर विश्वास होता, पण सरकारी बोर्डावर त्याहून जास्त. "आता सरकारच नाई म्हनते तं काय करतं, माय?" ती म्हणाली. "पाहू एखादं चांगलं घर."

रंजीतानं फोन लावला. घंटी वाजत राहिली. सेतू केंद्रातून लावला, घरून लावला, बुद्धविहारामागच्या टेकाडावर रेंज चांगली म्हणून तिथून लावला. प्रत्येक वेळी ती आधी वाक्य पाठ करायची, 'सर, तो वाघ मी आहे,' घसा साफ करायची, छातीवर हात ठेवायची. आणि पलीकडे कोणी उचलायचंच नाही. असं वाघ म्हणून जाहीर व्हायला इतका त्रास पडेल हे तिला माहीत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी सगळं गाव फाट्यावर जमलं. वनखात्याचा बीटगार्ड प्रफुल जीपमधून दोर घेऊन आला होता. उद्यापासून आडवा बांधायचा म्हणून आजच खुंट्या ठोकत होता. लटारूभाऊ त्याच्याशी हुज्जत घालत होता. प्रणित दोघांना समजावत होता.

"गार्डसाहेब, कामावर जाचं कसं आमी?" लटारूभाऊ.

"भाऊ, मले काऊन इचारता? वाघ तुमाले खाल्ल्यावर मलेच इचारतीन सारे."

"थो वाघ कोनाले खात नाई!"

"खात नाई कसा?" प्रणित तापला. "म्हातारी वाघीण लय डेंजर असते. माह्या डोयानं पाह्यली मी, या हातायएवढे पंजे हायेत तिचे!"

रंजीता गर्दीच्या मागं सायकल धरून उभी होती. हात असे थरथरत होते, की घंटी आपोआप वाजत होती. ही सगळी माणसं हसतील. जन्मभर हसतील. लग्नात हसतील, बारशात हसतील. तिनं लटारूभाऊकडे पाहिलं. म्हातारा प्रफुलच्या हातातल्या दोराकडे बघत होता, उद्या तो आपल्याच गळ्यात पडणार असल्यासारखा.

"गार्डसाहेब!" रंजीता ओरडली. आवाज एवढा मोठा निघाला, की ती स्वतःच दचकली. "वाघ आत्ता येईल. तुम्ही सगळे इथंच थांबा. तुमच्या गाडीचा लाइट लावा फक्त."

"तुले कसं माईत, आत्ता येईन म्हून?"

"रोज याच वेळेला येतो. ऑफिस सुटल्यावर."

कोणाला काही कळायच्या आत ती सायकलवर टांग टाकून अंधारात गेली. मनकर्णाबाईनं "अव रंजी!" म्हणून हाक मारली तोवर ती वळणापलीकडे पोचली होती. तिथं तिनं सायकल फिरवून मुखवटा या वेळी पुढच्या हँडलला बांधला, म्हणजे डोळे गावाकडे येतील, आणि एक लांब श्वास घेतला.

प्रफुलनं जीपचा लाइट लावला. क्षणभर काही नाही. मग वळणावर दोन हिरवे डोळे उगवले.

फाट्यावरचं गाव एका पावलात मागं सरकलं. प्रफुलच्या हातातून दोर गळला. ट्यूशनच्या पोरींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. मनकर्णाबाई तेवढी पुढं आली, कारण लेक त्याच अंगाला गेली होती. तिनं पायातली चप्पल काढून हातात घेतली. "माह्या पोट्टीले काई झालं तं याद राख, मुडद्या!" ती वाघावर ओरडली.

डोळे डुलत डुलत येत होते. कुई... कुई...

"बछडा बी हाय!" प्रणित कुजबुजला, आणि जीपच्या टपावर चढला.

कुई... कुई... डोळे जवळ आले. त्यांच्याखाली मिशा उगवल्या. मिशांमागं हँडल आलं, हँडलमागं काळा स्वेटर. आणि वाघीण ब्रेक मारून गार्डसाहेबांपुढं येऊन थांबली.

"हीच ती," रंजीता धापा टाकत म्हणाली. "म्हातारी. अंगानं भारी. डोक्यानं कमी."

कोणी हसलं नाही. ही शांतता हसण्यापेक्षा वाईट, असं तिच्या मनात येतंय तोच लटारूभाऊ पुढं झाला. त्यानं मुखवट्याच्या डोळ्यात बोट घालून पाहिलं. रेडियमला हात लावला. मग रंजीताकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडाचं बोळकं कानापर्यंत फाकलं.

"म्हंजे ह्या गाड्या... एवढ्या मोठ्ठ्या गाड्या... आपल्या सेतूच्या मॅडमले भेऊन राह्यल्या होत्या?"

आणि मग जो हशा उठला, तो रंजीताला हसणारा नव्हता. लोक गाड्यांना हसत होते. ट्यूशनच्या पोरी टाळ्या पिटत नाचायला लागल्या. कोणीतरी ओरडलं, "माह्या सायकलले बी लाव!" दुसरा म्हणाला, "माह्या बैलगाडीले लाव, जोडीनं!" गावातल्या घराघरात मुखवटे खुंटीला लटकलेलेच होते. मनकर्णाबाईनं हातातली चप्पल पायात घातली, लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तोच हात तिच्या पाठीवरून फिरवला.

"मी म्हनलं नोतं का, मादी हाय म्हून?" प्रणित टपावरून म्हणाला.

प्रफुल मात्र डोकं खाजवत उभा होता. "रंजीताताई, मले पटलं. दोर मी बांधत नाई. पन आदेश ऑफिसातून निघाला हाय, थो तिथूनच वापस होईन. तिथी तुमालेच सांगा लागन."

"फोन उचलत नाहीत ते!"

"आता लावा. वाघाच्या पायी साहेब आज रईवारी बी बसले हायेत."

रंजीतानं नंबर लावला. गर्दीतून "स्पीकरवर टाक! स्पीकरवर!" असा पुकारा झाला. तिनं स्पीकर लावला आणि मोबाइल उंच धरला. घंटी वाजायला लागली. अख्खं गाव श्वास रोखून उभं राहिलं. घंटी वाजत होती, वाजत होती. आणि गंमत म्हणजे पहिल्यांदाच रंजीताचा हात थरथरत नव्हता. एवढं गाव पाठीशी असलं की वाघाला कसली भीती.

कट्ट. पलीकडून कोणीतरी उचलला.

"हॅलो, बोला."

"सर, नमस्कार! मी चिचटोल्याची रंजीता. फाट्यावरचा वाघ आहे ना सर, तो वाघ मीच आहे. सायकलला मास्क होता, मास्कला रेडियम होतं, गाड्यांना मी दिसावं म्हणून. गार्डसाहेबांनी खात्री केली आहे. वाघ नाही, म्हणून रस्ता बंद करू नका, सर!"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.

"अस्सं. वाघ नाहीच म्हणता? मग बंदी राहतच नाही. आदेश आजच मागं घेतो."

चिचटोल्यानं अशी आरोळी ठोकली, की झाडावरचे बगळे उडाले. लटारूभाऊनं टोपी फेकली. रंजीताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मान उंच केली. आज पहिल्यांदा ती सगळ्यांना दिसत होती, आणि बिनमुखवट्याची.

"फक्त एक मिनिट, मॅडम," स्पीकरवरचा आवाज पुढं म्हणाला, आणि आरोळी मधेच विरली. "या वाघानं बकऱ्या खाल्ल्या म्हणून तुमच्या गावातून भरपाईचे बरेच अर्ज आलेत माझ्याकडे."

लटारूभाऊ वाकून चपलेचा अंगठा नीट करायला लागला. प्रणितला टपावरून एकाएकी चांदण्या दिसायला लागल्या. मनकर्णाबाईनं पदर तोंडावर ओढला. आणि सगळ्या गावाच्या विनवणीच्या नजरा एकदम रंजीतावर येऊन खिळल्या.

"वाघ तुम्हीच आहात, तर पंचनामाही तुमच्याच नावानं करावा लागेल," साहेब म्हणाले. "तेवढं सांगा. बकऱ्या कच्च्याच खाल्ल्यात, की शिजवून?"